चिरेखाणीवरच्या (जांभा दगडाच्या खाणीवरच्या) माणसांना परत जाऊ देत नाहीत असं दिसतंय. कुठे आणि कसं कळवावं?

सड्यावरची (प्रश्न)

नमस्कार. राजापूर तालुक्यात रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे मुंबईला असतात, दुकान मी आणि सासूबाई बघतो. वर सड्यावर चिरेखाणी आहेत. त्यातल्या एका खाणीवर दिवाळीनंतर विजापूरकडची काही लमाणी कुटुंबं आली. बाया, लेकरं, सगळे खाणीजवळच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात.

रविवारी ही माणसं बाजाराला येतात ती मुकादमाच्या पोऱ्याबरोबर. उधारी मुकादमाच्या नावावर लिहायची, महिन्याला तो येऊन चुकती करतो. खाणीवरच्या लोकांची खाती आमच्याकडे वर्षानुवर्षं अशीच चालतात, त्यामुळे त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. पण यंदा मुकादमाने येऊन सांगितलं, यांना रिचार्ज मारून द्यायचा नाही आणि मी लिहून देईन त्याच्यापेक्षा जास्त सामान द्यायचं नाही. शिमग्यात या लोकांचा मोठा सण असतो, तांड्यावर जायचं म्हणून सगळे मागे लागले होते. त्यातल्या एकाला जाऊ दिलं, पण तो परत येईपर्यंत त्याची बायको आणि दोन पोरं इथेच ठेवून घेतली. हे मुकादमानेच माझ्या दुकानात उभं राहून कौतुकाने सांगितलं. एकाच्या पायावर चिरा पडलाय. पाऊल सुजून काळंनिळं झालंय, हळद बांधून तो तसाच कामावर जातो. सरकारी दवाखाना पायी जाण्याइतका जवळ आहे.

आता मुख्य गोष्ट. त्यातली एक बाई एका दुपारी एकटीच आली. लेकराला जुलाब होत होते, मीठ-साखर मागत होती. मी साखर बांधत असताना तिने चोळीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. वहीचं फाडलेलं पान, घामाने मऊ पडलेलं. "वाच ताई, काय लिवलंय." मी वाचलं. वर नवऱ्याचं नाव. उचल चाळीस हजार. खाली गाडीभाडं, पत्रे, खर्ची, खर्ची, खर्ची, दवाखाना (कुठला दवाखाना, देव जाणे), मोडलेलं पातं. आणि मग एक ओळ, दिराच्या नावाची, त्याच्यापुढे बारा हजार. तिला विचारलं तर म्हणाली, दीर पौषात रात्री पळून गेला, त्याचे पैसे आमच्यावर टाकले. त्यांनी काढलेले चिरे कुठेच लिहिलेले नव्हते. बेरीज एकसष्ट हजार. दिवाळीला चाळीस हजार घेऊन आले, सगळा हंगाम राबले, आणि आता एकसष्ट हजार देणं आहे. मी आकडा सांगितल्यावर ती काही बोलली नाही. कागद परत चोळीत घातला, साखर घेतली आणि गेली.

मिरग जवळ आला की खाणी बंद होतात. कानावर येतंय की यांना घरी न सोडता गोव्याकडे दुसऱ्या कामावर नेणार आहेत.

मला विचारायचंय ते असं. ही माणसं स्वतःहून आली, पैसे घेऊन आली. मग हा गुन्हा होतो का? कळवायचं तर कुणाला? खाणीची जमीन आमच्या भाऊबंदांची आहे, खाणवाल्याने देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठी देणगी दिलीय, पोलीस पाटील त्याच्या गाडीतून फिरतात. आणि चौकशी आली म्हणून रातोरात या लोकांना हलवलं तर? त्यांचं वाईट माझ्या हातून व्हायला नको.

---

पालीची बाई

ताई, तुम्ही वाचलात तो कागद जपून लक्षात ठेवा. आकडे, ओळी, आठवतंय तसं आजच एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. तो कागद उद्या तिच्याकडे राहील याची खात्री नाही.

मी सुधागडात आदिवासी वाडीवरच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे हेच कातकऱ्यांच्या बाबतीत होतं. पावसात घरात दाणा नसतो, कुणाचं लग्न असतं, कुणाचं आजारपण. तेव्हा वीटभट्टीचा नाहीतर कोळसाभट्टीचा माणूस येतो आणि हातावर रोख ठेवतो. दिवाळी झाली की टेम्पो दारात उभा. माझा वर्ग अर्धा रिकामा होतो तो टेम्पो आल्यावर. हजेरीपटावर नावं असतात आणि पोरं पार घाटावर किंवा कर्नाटकात कोळशाच्या भट्टीवर असतात. मे अखेर हिशेब होतो तेव्हा मालक म्हणतो, अजून इतके फिरतात. त्याला इकडे "बाकी" म्हणतात. ती बाकी फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. बाप मेला तर मुलगा जातो.

लोक विचारतात, वेठबिगार ओळखायचा कसा, बेड्या तर दिसत नाहीत. मी तरी एकच पाहते, या माणसाला उद्या सकाळी बायकापोरं घेऊन एसटीत बसता येईल का? बाकी सगळं त्याच्या भोवती येतं. पैसे याच्या हातात कधी येतात का, की नुसती खर्ची? हिशेबाची वही कुणाकडे? आधार कार्ड कुणाच्या खिशात? फोन कुणाच्या समोर करायचा? दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोण ठरवतं? दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले तर जाता येतं का? तुमच्या लिहिण्यात यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आलीच आहेत. बायको-पोरांना ओलीस ठेवून नवऱ्याला सणाला सोडणं, याच्यापुढे अजून काय पुरावा हवा!

त्या बाईशी बोलाल तेव्हा जाता जाता बोला, एका वेळी एकच गोष्ट, पोऱ्या नसताना. पोरांबद्दलही बघा. ती चिरे रचायला, माती ओढायला असतात का? चौदाच्या आतलं लेकरू कामावर दिसलं तर १०९८ ला फोन करायला दुसरं काही लागत नाही.

दीर पळाला म्हणता, त्यावरून एक सांगते. पळून सुटका होत नाही. मुकादम तांड्यावर जातो, म्हातारीला धमकावतो, बैल सोडून नेतो, आणि इथे मागे राहिलेल्यांच्या नावावर रक्कम चढते. म्हणून कुणी कळवळून "मी तुम्हाला रात्री गाडी करून देतो" म्हणालं तर तसं करू देऊ नका. सुटका सरकारी कागदावर व्हायला हवी. तो कागद हातात असला की मुकादम पुन्हा दारात येऊ शकत नाही.

---

हर्णैकर

मी नौकामालक आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. ताईंचं खोडून काढायला नाही, पण उचल म्हणजेच वेठबिगारी असं कुणी धरून चालू नये म्हणून.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) आणि खलाशी बांधून ठेवावे लागतात, नाहीतर १ ऑगस्टला नौका समुद्रात जाणार कशी? माझे अर्धे खलाशी नेपाळचे आहेत. हापूसच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळ्यांतलेच काही इकडे येतात. प्रत्येकाला आगाऊ रक्कम जाते. काही जण ती घेऊन दुसऱ्याच्या नौकेवर चढतात. राग येतो, नुकसानही होतं. पण पैसे बुडाले तर ते बुडाले. फार तर दिवाणी दावा लावीन. माणसाला कोंडून ठेवायचा हक्क मला नाही, त्याच्या भावाकडून ते वसूल करायचा तर नाहीच नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर नौकेवर प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. २६/११ नंतर तपासणी कडक झाली आहे, समुद्रात कधीही विचारतात. म्हणून मालकाकडे झेरॉक्स असणं साहजिक आहे. मूळ कार्ड मात्र खलाशाच्या पिशवीत राहिलं पाहिजे. जिथे मूळ कार्ड मालकाच्या कपाटात जातं तिथे काहीतरी शिजतंय असं खुशाल समजा.

बंदरात आम्ही हे ओळखतो. कुठल्या नौकेवरची पोरं धक्क्यावर उतरतात, चहा पितात, घरी पैसे लावतात, आणि कुठल्या नौकेवरच्यांना बंदरात आल्यावरही खाली उतरू देत नाहीत, हे सगळ्यांना दिसतं. बोलत कुणी नाही, कारण उद्या त्याच मालकाकडून बर्फ नाहीतर डिझेल उसनं घ्यायचं असतं. तुम्ही विचारताय हे मोठं काम आहे, ताई. तुमच्या खाणीवरचा प्रकार उचलीच्या पलीकडे गेलेला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

---

निवृत्त नायब

महसूल खात्यात नोकरी झाली, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. जरा सविस्तर लिहितो, कारण या कायद्याची माहिती कचेरीतही सगळ्यांना असतेच असं नाही.

"स्वतःहून आले, पैसे घेऊन आले" या शंकेला उत्तर आधी. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्यापूर्वी ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला, आणि २५ ऑक्टोबर १९७५ पासून देशातली वेठबिगारी बेकायदा ठरली. हा कायदा नेमका उचल घेऊन आलेल्या माणसासाठीच केलेला आहे. उचलीच्या बदल्यात काम सोडून जायचा, दुसरीकडे काम करायचा, फिरायचा किंवा रास्त मजुरी मागायचा हक्क गेला की ती वेठबिगारी. संमती होती का, अंगठा कुणी दिला, याला अर्थ नाही. असं कर्ज कलम ६ नुसार संपलेलं असतं. ते फेडायची जबाबदारी उरत नाही, त्यासाठी कोर्टात दावाही लावता येत नाही. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेतले तर तो कलम ९ खाली वेगळा गुन्हा. आणि कलम १५ फार महत्त्वाचं आहे. मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, की ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. त्या बाईने काही सिद्ध करायचं नाही, मुकादमाने करायचं. सक्तीने काम करून घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंडाची रक्कम मात्र अजून दोन हजारच राहिली आहे, हे मला कायम खटकत आलं.

सर्वोच्च न्यायालयानेही हे दोनदा स्पष्ट केलंय. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरीच आहे. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाचा निकाल आला. तेही प्रकरण दगडखाणींचंच होतं, हरियाणातल्या फरिदाबादकडच्या. त्याची सुरुवात एका पत्राने झाली होती. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तेव्हा आपल्या साध्या अर्जाने काय होणार, असं मनात आणू नका.

आता कुणाकडे जायचं. या कायद्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या खाली प्रांतांना, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांना आहेत. तुमच्यासाठी राजापूरचे उपविभागीय अधिकारी. त्यांच्या नावाने अर्ज करा, प्रत जिल्हाधिकारी रत्नागिरी यांना, एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांना "अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष" असा उल्लेख करून, आणि एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. चारही अर्ज एकाच दिवशी गेले पाहिजेत, म्हणजे एका टेबलावर दबला तरी दुसरीकडून विचारणा होते. अर्ज कुणीही करू शकतो, मजुराचीच सही लागते असं नाही.

अर्जात मतं लिहू नका, पाहिलेलं लिहा. खाणीची जागा, रस्ता, गट नंबर माहीत असेल तर तो. किती कुटुंबं, किती मुलं, मूळ कुठली, कोणती भाषा बोलतात. कधी आली. कागदावर वाचलेले आकडे जसेच्या तसे, दिराच्या नावाची ओळ आणि तिच्यापुढची रक्कम यांच्यासकट. शिमग्याला बायको-मुलं ठेवून घेतल्याचं मुकादमाने कुणासमोर, काय शब्दांत सांगितलं. जखमी माणूस. आणि ठळकपणे लिहा की त्यांना दुसऱ्या राज्यात हलवण्याची शक्यता आहे, म्हणून तातडी आहे. हे वाक्य नसेल तर अर्ज रांगेत जाईल.

तीन मागण्या न चुकता घाला. चौकशीला येताना भाषा जाणणारा माणूस आणावा. जबाब खाणवाला आणि मुकादम यांच्यापासून दूर, कचेरीत घ्यावेत. अर्जदाराचं नाव गुप्त ठेवावं. यातली दुसरी फार मोलाची आहे. मी स्वतः पाहिलंय, मालक शेजारी उभा करून साहेब विचारतात "तुम्हाला इथे काही त्रास आहे का?" आणि सगळ्यांच्या माना नकारार्थी हलतात. मग अहवाल जातो, तक्रारीत तथ्य नाही.

पोलीस ठाण्यात "हा तुमचा आपसातला पैशाचा व्यवहार" असं ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. कधी तर मुकादमच मजुरांवर फसवणुकीची तक्रार घेऊन आधी पोचलेला असतो. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ सांगा. शोषणासाठी धाकाने, फसवून किंवा सत्तेचा गैरवापर करून माणसं आणणं, ठेवून घेणं, हलवणं म्हणजे मानवी तस्करी, आणि तिथेही पीडिताची संमती विचारात घेत नाहीत. एकाहून जास्त माणसं असतील तर किमान दहा वर्षं. आमच्या हद्दीत येत नाही म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. त्यांना रात्री गाडीत भरताना दिसलं तर अर्जाची वाट न बघता ११२, आणि गाडीचा नंबर.

सुटका झाली की प्रत्येक मजुराला मुक्ती प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत तीस हजारांपर्यंत आहे, पुढे पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख, अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख. ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने रेंगाळते. प्रमाणपत्राविना नुसतं एसटीत बसवून गावी पाठवलं तर पुढच्या दिवाळीला तीच माणसं दुसऱ्या खाणीवर दिसतील.

---

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. नायबकाका, तुमचं लिहिणं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, जीर्णोद्धाराचे पैसे या लेकरांच्या तोंडचे असतील तर देवाला ते चालायचे नाहीत, तू कर अर्ज. घरचा पाठिंबा आहे म्हणजे माझं अर्धं काम झालं.

दोन शंका आहेत. नाव गुप्त ठेवा म्हटलं तरी तालुक्याच्या कचेरीतून गावात काय काय पोचतं हे आपल्याला माहीत आहे. पान फक्त मी वाचलंय, त्यामुळे आकडे लिहिले की मुकादमाला त्या बाईचाच संशय येईल. आणि त्या पायाच्या माणसासाठी आत्ता काय करता येईल? तो चौकशीपर्यंत थांबला तर पाय जायचा.

---

पालीची बाई

पायाचं आधी. तुमच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकांना गाठा. बाहेरून आलेल्या मजुरांचे हिवतापासाठी रक्तनमुने घ्यायला ते खाणीवर जातच असतात, त्यांना पाहून कुणाच्या मनात काही येत नाही. नमुने घेता घेता त्यांना पाय दिसेल आणि ते दवाखान्यात पाठवायला सांगतील. तिथे केसपेपर निघाला की तारखेसकट तोही पुरावा. जुलाबवाल्या लेकराचंही त्याच फेरीत बघायला सांगा.

त्या बाईच्या जिवाची तुमची काळजी रास्त आहे. आकडे अर्जात न लिहिता "हिशेबाचा कागद पाहिला आहे, तपशील समक्ष सांगेन" असं लिहिता येईल. फोटो काढायला खाणीवर जाऊ नका, खाणवाल्याला चार शब्द सुनवायलाही जाऊ नका, आणि अर्ज दिलाय हे त्या बायांनाही आधी सांगू नका. आशेने त्या एकमेकींत बोलतील, आणि शेडमध्ये बोललेलं मुकादमापर्यंत जातं. तुमच्याकडून साखर, तेल, मीठ रोजच्यासारखं जात राहू दे.

---

निवृत्त नायब

बाईंशी सहमत. आकडे समक्षच सांगा, शक्यतो थेट प्रांतांना. राजापुरात अर्ज देताना ओळखीचं कुणी दिसेल असं वाटत असेल तर रत्नागिरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. तुमच्या वतीने ते प्रांतांना आणि पोलिसांना लिहू शकतात, म्हणजे कागदावर तुमचं नाव पुढे येत नाही. फोन करून जायचं तर १५१०० हा त्यांचा मदतीचा नंबर. वकिलाची फी लागत नाही.

---

हर्णैकर

ताई, भाषेची अडचण सोडवता येईल. माझ्या ओळखीचा एक जाळी विणणारा लमाणी आहे, वर्षानुवर्षं इथेच राहतो, मराठी उत्तम बोलतो. कचेरीतून दुभाषा मिळाला नाही तर जबाबाच्या दिवशी तो यायला तयार आहे, त्याला विचारूनच लिहितोय. येण्याजाण्याचा खर्च माझ्याकडे.

---

सड्यावरची

आशाताईंशी बोलणं झालं, त्या उद्याच वर जातायत. सोमवारी माल भरायला म्हणून रत्नागिरीला जाते, दुकान सासूबाई बघतील. अर्ज हाताने लिहिलाय, दोन पानी. नायबकाका, तो इथे टाकत नाही, पण तुम्हाला निरोपात पाठवला तर एकदा नजरेखालून घालाल का?

---

निवृत्त नायब

आज रात्रीच पाठवा. जाताना एक जास्तीची प्रत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "नंतर या" म्हणाले तर तिथेच बाकावर बसून राहा. बाकीच्या तीन प्रती त्याच दिवशी टपाल कचेरीतून स्पीड पोस्टाने पाठवा, पावत्या जपून ठेवा. आठवडा जायच्या आत पुन्हा जाऊन त्या आवक क्रमांकावर काय झालं ते विचारायचं, आणि जे उत्तर मिळेल ते मला कळवायचं.